गोरा कोणास म्हणावें?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परदेशीयांना नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा १७९० सालीं झाला. 'स्वतंत्र गोरा मनुष्य' एवढ्यापुरतीच त्यांत वाट होती. १८७० सालीं ती आफ्रिकी वंशाच्या लोकांनाहि खुली झाली. पण गोरा म्हणजे कोण, हें कायद्यानें कोठेंच सांगितलें नव्हतें.

ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ वीस वर्षें अमेरिकन राज्यांत राहिलेले. शिक्षण कॅलिफोर्नियांत, घरची भाषा इंग्रजी, मुलें तिकडच्याच शाळेंत. त्यांची योग्यता न्यायालयानेंहि नाकारली नाहीं. मात्र १३ नोव्हेंबर १९२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जॉर्ज सदर्लंड यांनीं निकाल दिला कीं, कातडीचा रंग पाहून चालणार नाहीं. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी मनुष्य त्या वंशाचा नव्हे.

यानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं भगतसिंग थिंद यांचा निकाल लागला. हे पंजाबी शीख. १९१८ सालीं अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेले. त्या काळच्या वंशशास्त्राचे अनेक पंडित उत्तर हिंदुस्थानांतील लोकांना कॉकेशियनच गणीत. तेव्हां ओझावांना लावलेलें माप पुन्हां वापरलें असतें, तर थिंद यांचें काम झालें असतें. परंतु १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्याच सदर्लंडसाहेबांनीं सांगितलें कीं, शास्त्रज्ञ कांहींहि म्हणोत, गोरा कोण तें सामान्य माणसाच्या समजुतीवरून ठरवावयाचें! (सदर्लंड स्वतः इंग्लंडांत जन्मलेले. त्यांच्या गोरेपणाची उलटतपासणी अर्थातच कोणी केली नाहीं.)

तथापि थिंद यांच्या बाजूनें झालेला युक्तिवादहि हिंदी श्रोत्यांनीं कानाआड करण्यासारखा नाहीं. वंशभेदाच्या कायद्यालाच त्यांनीं आव्हान दिलें नाहीं. आपण उच्चवर्णीय आर्य आहोंत, आणि अमेरिकन मनुष्य विवाहसंबंधाच्या बाबतींत काळ्या लोकांकडे जसा पाहतो, तसाच उच्चवर्णीय हिंदु येथील आदिवासींकडे पाहतो, असें त्यांच्या वतीनें लेखी मांडण्यांत आलें. म्हणजे भिंत असूं द्यावी, आपल्याला तेवढें आंत घ्यावें! या मागणीस न्यायाची मागणी म्हणणें कठीण आहे.

निकालानंतर पूर्वीं दिलेलीं नागरिकत्वें हिरावून घेण्याचें सत्र सुरू झालें. त्यांत नागरिकत्व गमावलेले सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांनीं १९२८ सालीं आत्महत्या केली. थिंद यांच्या वकिलांपैकीं सखाराम गणेश पंडित यांच्यावरहि सरकारनें दावा लावला. १९१४ सालीं न्यायालयानेंच दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून आपण वकिली व घरदार उभें केलें, असा त्यांचा मुद्दा होता. १९२६ सालीं ते अपिलांतहि जिंकले.

थिंद यांना नागरिकत्व लाभलें तें १९३६ सालीं, माजी सैनिकांसाठीं झालेल्या निराळ्या कायद्यानें. इतर हिंदी लोकांना १९४६ पर्यंत थांबावें लागलें, जपान्यांना १९५२ पर्यंत. ओझावा १९३६ सालींच वारले होते.