घरगुती विजेचा राखीव सांठा

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व उपनगरें यांचा वीजपुरवठा एकाएकीं खंडित झाला. लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि साथीच्या त्या दिवसांत घरांतून चालणारें कचेऱ्यांचें व शाळांचें काम बंद पडलें. कांहीं भागांत वीज दोन-तीन तासांत परतली, कांहीं ठिकाणीं संध्याकाळ उलटली. त्याच वर्षीं ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां कोंकणांतील अनेक गांवें कित्येक आठवडे अंधारांत होतीं. या दोन संकटांची जात भिन्न आहे. पहिल्यास भरलेली बॅटरी पुरते. दुसऱ्यांत ती रोज पुन्हां भरावी लागते, आणि तीही ऐन पावसाळ्यांत.

बॅटरी बहुधा पेटीवरील मोठा आंकडा पाहून घरीं येते. हिशेब मात्र उपकरणांपासून सुरू करावयाचा असतो. हौदाची तोटी किती रुंद आहे तें वॅट सांगतो. हौदांत पाणी किती आहे तें वॅट-तास. ९ वॅटचे दोन दिवे ६ तास जळले म्हणजे १०८ वॅट-तास खर्च होतात. नव्या काटकसरी बनावटीचा ३० वॅटचा पंखा ८ तासांत २४० घेतो, इंटरनेटची १० वॅटची पेटी १० तासांत १००, आणि दोन मोबाइल मिळून ३०. बेरीज ४७८. पंखा जुन्या पद्धतीचा, ७५ वॅटचा असला तर त्याचे एकट्याचेच ६०० होतात. तेव्हां बॅटरी मोठी घेण्याऐवजीं पंखाच बदलणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें.

या बेरजेवर इन्व्हर्टर आपला सुमारें १५ टक्क्यांचा कर बसवतो. ४७८ चे ५६२ होतात. शिवाय बॅटरी तळापर्यंत उपसूं नये. लिथियमच्या बॅटरींत दहावा हिस्सा शिल्लक ठेवावयाचा तर ती ६२५ वॅट-तासांची हवी. शिशाच्या बॅटरीचा निम्माच भाग वापरावा, नाहीं तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तेथें १२ व्होल्ट, १०० अँपियर-तासांची, म्हणजे १२०० वॅट-तासांची बॅटरी लागेल. खिशांत मावणाऱ्या बॅटरीवरील २०,००० मिलिअँपियर-तासांचा आंकडा मोठा भारदस्त दिसतो. पण तो ३.७ व्होल्टवरचा असल्यामुळें सांठा अवघा ७४ वॅट-तासांचा भरतो.

सौर पॅनेलचा आंकडा तर प्रयोगशाळेंतला. घट २५ अंश उष्णतेवर असतांना पूर्ण प्रखर प्रकाशांत मिळणारी ती वीज असते. वैशाखांतल्या गच्चीवर पॅनेल याहून कितीतरी तापतें व उत्पन्न घटतें. धूळ, तिरपें ऊन व तारांतील घट धरून सत्तर टक्के हातीं लागले तर समाधान मानावें. उन्हाळ्यांत पूर्ण उन्हाचे साडेपांच तास धरले तर २०० वॅटचें पॅनेल दिवसाकांठीं ७७० वॅट-तास देईल, आणि वरील घराची गरज सहज भागेल. जुलैमध्यें तीनच तास धरले तर तें ४२० वर येतें. सतत झडीच्या दिवशीं तेंही नाहीं. गॅलरीच्या कठड्याची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली, तरी घट एकामागें एक जोडलेले असल्यानें उत्पन्न फार खालीं जातें.

घरांत प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण असेल तर हा हिशेब चैनीचा राहत नाहीं. ३५० वॅटचें यंत्र रात्रीचे ८ तास चालवण्यास २८०० वॅट-तास लागतात. वरील वजावटींनंतर ३६०० हून अधिक सांठ्याची लिथियम बॅटरी हवी. पावसाळ्यांत ती एका दिवसांत भरण्यास १५०० वॅटहून जास्त पॅनेल पाहिजेत, आणि सदनिकेच्या गॅलरींत तेवढी जागा कोठून येणार? अशा घरीं प्राणवायूचा सिलिंडर जोडून होईपर्यंतचा अवधि निभावणें, एवढेंच बॅटरीचें काम धरावें. सिलिंडरचा काटा दर आठवड्यास पाहावा, आणि एखाद्या दिवशीं, घरांत चार माणसें हजर असतांना, भिंतीवरचें बटण बंद करून यंत्र बॅटरीवर खरोखर किती वेळ चालतें तें घड्याळ लावून मोजून ठेवावें.