शेवाळ कोकरांना चालते, पण कोणते?

मैंदर्गी परिसरात ज्वारीची काढणी झाली की मेंढ्या मोकळ्या रानात चरतात. ऊन चढते तसा हिरवा पाला संपतो आणि भिस्त वाळक्या चाऱ्यावर येते. नुकतेच आईचे दूध तुटलेल्या कोकरांची वाढ याच दिवसांत खुंटते.

मेंढीच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव चारा पचवतात. त्यांना आहारात साधारण ७ टक्के तरी प्रथिने लागतात. ज्वारीच्या कडब्यात ती ३ ते ५ टक्केच असतात. त्यामुळे पोट भरते, वजन वाढत नाही. ही तूट शेंगदाणा किंवा सरकी पेंडीने भरून निघते. हल्ली शेवाळाचेही नाव घेतले जाते. मात्र या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली स्पिरुलिना. हे सूक्ष्म नील-हरित शेवाळ लोणारच्या खाऱ्या सरोवरातही आढळते. सुकवल्यावर त्यात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठाच्या प्रयोगात मध्यम मात्रा मिळालेल्या कोकरांचे वजन जास्त भरले. मात्रा दुप्पट करून आणखी लाभ झाला नाही. पेंडीपेक्षा ती खूप महाग आहे, त्यामुळे फार तर पूरक म्हणून, थोडीच परवडते.

दुसरा अझोला. त्याला शेवाळ म्हणतात, पण ते पाण्यावर तरंगणारे नेचे आहे. वाळवल्यावर प्रथिने २० ते २५ टक्के. माती, शेण आणि पाण्याच्या उथळ वाफ्यात ते घरीच वाढते; सोलापूरच्या उन्हात सावली मात्र हवीच. एक किलो ताज्या अझोलात ९०० ग्रॅमहून अधिक पाणी असते, म्हणून केवळ त्यावर कोकरू पोसले जात नाही. शेणाचा वास जाईपर्यंत धुऊन, पेंडीत मिसळून, थोडे थोडे सुरू करावे.

तिसरी तळ्यावरची हिरवी साय. ती कधीही देऊ नये. तिच्यातील काही जाती यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष तयार करतात आणि जनावर काही तासांत दगावू शकते. २०२० मध्ये बोत्स्वानात तीनशेहून अधिक हत्ती मेले, तेव्हा तिथल्या सरकारने याच प्रकारच्या विषाकडे बोट दाखवले होते. वाऱ्याने साय एका काठाला गोळा होते. तिथे कळपाला पाणी पाजू नये.

खुराक बदलण्याआधी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक आणि आंत्रविषाराची लस द्यावी. मग दर पंधरवड्याला कोकरू काट्यावर तोलावे. वजन वाढले, तरच खर्च सार्थकी लागला.