उत्तेजित बॅरिऑनांचा प्रबल क्षय

उत्तेजित बॅरिऑनांचा प्रबल क्षय म्हणजे तीन क्वार्कांनी बनलेल्या आणि मूळ अवस्थेपेक्षा अधिक ऊर्जा असलेल्या कणाचे, प्रबल आंतरक्रियेमुळे, एक हलका बॅरिऑन व एक किंवा अधिक मेसॉन यांत होणारे विघटन होय. प्रोटॉन व न्यूट्रॉन हे सर्वपरिचित बॅरिऑन आहेत.

स्वरूप

उत्तेजित अणू प्रकाश उत्सर्जित करून मूळ अवस्थेत येतो; उत्तेजित बॅरिऑन बहुधा मेसॉन उत्सर्जित करतो. अतिरिक्त ऊर्जेतून एक क्वार्क व एक प्रतिक्वार्क निर्माण होतो. प्रतिक्वार्क मूळच्या एका क्वार्काशी जोडला जाऊन मेसॉन बनतो आणि उरलेल्या तीन क्वार्कांचा नवा बॅरिऑन होतो.

आयुष्य व रुंदी

डेल्टा (१२३२) या बॅरिऑनाचा क्षय जवळजवळ नेहमीच पायॉन आणि प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन यांत होतो. त्याचे सरासरी आयुष्य सुमारे ५.६ गुणिले १० चा उणे २४ वा घात इतके सेकंद असते. एवढ्या अवधीत कणाचा माग शोधकयंत्रात उमटत नाही. म्हणून क्षयातून निघालेल्या कणांची ऊर्जा व संवेग मोजून मूळ कणाचे वस्तुमान काढतात. अनेक घटनांच्या आलेखात त्या वस्तुमानापाशी शिखर दिसते. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार आयुष्य जितके अल्प, तितके शिखर रुंद. डेल्टाची रुंदी सुमारे ११७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे.

निवड-नियम

प्रबल क्षयात ऊर्जा व विद्युतभार यांबरोबरच विचित्रता आणि समभारिक परिवलनही अक्षय्य राहतात. दोन स्ट्रेंज व एक चार्म क्वार्क असलेल्या उत्तेजित ओमेगा-सी बॅरिऑनाला एक पायॉन सोडून मूळ अवस्थेत येण्याइतकी ऊर्जा असते. तरीही समभारिक परिवलनाचा नियम ती वाट बंद करतो. त्यामुळे तो मुख्यतः झाय-सी बॅरिऑन व केऑन यांत विघटित होतो.

संशोधन

२०१७ मध्ये सर्न येथील एलएचसीबी प्रयोगात याच वाटेने क्षय पावणाऱ्या पाच उत्तेजित ओमेगा-सी अवस्था आढळल्या. त्यांची वस्तुमाने सुमारे ३०००, ३०५०, ३०६६, ३०९० व ३११९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून प्रत्येकीची रुंदी १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून कमी आहे. त्याच वर्षी एम. पद्मनाथ आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नीलमणी माथूर यांनी जालक-पद्धतीच्या संगणकीय गणनेवरून पहिल्या दोन अवस्थांचे परिवलन १/२, पुढील दोन अवस्थांचे ३/२ आणि शेवटचीचे बहुधा ५/२ असल्याचे मांडले. काही क्वार्क-प्रतिमाने मात्र ३११९ या अवस्थेला वेगळ्या प्रकारचे उत्तेजन मानतात. प्रत्येक प्रतिमानानुसार क्षयाची अपेक्षित रुंदी वेगळी येते. त्यामुळे बॅरिऑनाच्या आत क्वार्कांची मांडणी कशी आहे, हे ठरविण्यात वस्तुमानाइतकेच महत्त्व रुंदीच्या मोजमापाला आहे.