लोणारचं गुलाबी पाणी आणि प्रकटीकरणातलं रक्त

जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. आधीच टाळेबंदी, त्यात टोळधाड, आणि त्यात हे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा उलगडा साधाच निघाला. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि अशा पाण्यातच पोसणारे सूक्ष्मजीव माजले. रंग त्यांचा होता. पावसाचं पाणी आलं तसा तो ओसरला.

बायबल वाचणाऱ्याला मात्र अशा वेळी ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय आठवतो. तिथे देवाच्या क्रोधाच्या वाट्या ओतल्या जातात आणि समुद्र, नद्या, झरे यांचं रक्त होतं. पाणी लाल, वर जगभर साथ. शेवट जवळ आला म्हणायला आणखी काय हवं?

हवं ते एवढंच, की अध्याय पुढे दोन ओळी वाचावा. तिथे कारण दिलं आहे: ज्यांनी संतांचं रक्त सांडलं, त्यांना रक्तच प्यायला मिळालं. हे चित्र लेखकाने बायबलमधल्याच ‘निर्गम’ या पुस्तकातून उचललं आहे. मोशेच्या काळात फारोच्या नाईल नदीचं रक्त झालं होतं. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात सात ख्रिस्ती मंडळ्या होत्या, आणि ‘प्रकटीकरण’ हे त्यांना धाडलेलं पत्र आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ सम्राट डोमिशियनच्या राजवटीचा, इ. स. ९५ च्या आसपासचा धरतात. रोमचा जाच सोसणाऱ्या त्या वाचकांना इशारा लगेच कळला असणार: रोम हा नवा फारो आहे आणि त्याचंही तेच होणार.

याच पुस्तकातल्या बदनाम ६६६ या आकड्याचंही तसंच. आपल्याकडे कटपयादीत अक्षरांना अंक असतात, तसे हिब्रूतही असतात. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमचा सम्राट नेरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली तर ६६६ येते. शेवटचा न गाळून ‘नेरो’ लिहिलं, तर ६१६. गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. बारकोडपासून लशीपर्यंत जिथे-तिथे हा आकडा हुडकणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी. सगळेच पंडित ती मान्य करत नाहीत, पण ती बारकोडपेक्षा नक्कीच जवळची आहे.

शेवटाची आणखी एक खूण: तारे गळून पडतील, असं येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात म्हणतो. लोणारला आकाशातून खरोखर एक धोंडा पडला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला, पण ती गोष्ट फार फार पूर्वीची. येशूची भाषा यशया संदेष्ट्याची आहे. यशयाने बाबेल बुडणार हे सांगताना तारे आणि सूर्य काळवंडवले होते. राज्य कोसळतं तेव्हा आकाश कोसळतं, ही संदेष्ट्यांची बोली. आणि येशूच्या त्या बोलण्याला सुरुवात झाली ती यरुशलेमच्या मंदिरावरून, इथे दगडावर दगड राहणार नाही, या वाक्याने. इ. स. ७० मध्ये टायटसच्या रोमन फौजेने ते मंदिर जमीनदोस्त केलं. त्या अध्यायातलं किती तेव्हाच घडून गेलं आणि किती अजून बाकी आहे, यावर चर्चमध्ये आजही एकमत नाही. पण मंदिर वगळून तो अध्याय वाचणं म्हणजे पत्ता फाडून पत्र वाचणं.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण या वादाचं बुलढाण्याशी नातं लोणारपुरतं नाही. ए. बी. सिम्प्सन (१८४३–१९१९) या कॅनडात जन्मलेल्या धर्मोपदेशकाच्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आले, ते याच अध्यायातल्या चौदाव्या ओवीच्या भरवशावर. सुवार्ता सर्व राष्ट्रांत पोचेल आणि मग शेवट होईल, असं ती ओवी सांगते. सिम्प्सनचा निष्कर्ष असा की आपण पोचवली की ख्रिस्त लवकर परत येईल. हे वाचन मला पटत नाही. पौलाच्या नावावरच्या कलस्सैकरांस पत्रात, सुवार्ता आकाशाखालच्या साऱ्या सृष्टीत गाजवली गेली आहे, असं पहिल्याच शतकात लिहिलेलं आहे.

सिम्प्सनच्या मिशनऱ्यांनी वऱ्हाडात पाय रोवले त्या काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले आणि मुंबईहून प्लेगही पसरला. दुष्काळ आणि भूकंप त्याच अध्यायाच्या यादीत आहेत, आणि त्याच यादीत बजावलेलं आहे की एवढ्याने शेवट होत नाही, ही वेणांची सुरुवात आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्याच खामगावात मिशनने दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींसाठी अनाथालय चालवलं. याउलट, पहिल्या शतकात थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले होते. शेवटाची वाट पाहत असावेत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क. त्यांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्रात ताकीद आहे, की काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. खामगावच्या मिशनऱ्यांचा शेवटाचा हिशेब माझ्या मते चुकला होता, पण हे पत्र त्यांना लागू पडलं नसतं.