नोकरी सोडून कांचा पुसणें

घरांतील मिळवत्या मुलानें 'नोकरी सोडून मी आतां खिडक्यांच्या कांचा पुसणार' असें जाहीर केलें, तर माजघरांत काय हलकल्लोळ उडेल हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको! इंग्लंडांत मात्र हा एकट्यानें करावयाचा रूढ धंदा आहे. पूर्वीं बादली, शिडी व पाणी निपटणारी रबरी पट्टी एवढ्यावर त्याचा आरंभ होत असे. उंचावरील कामाविषयींचे २००५ चे नियम आल्यापासून पुष्कळांनीं शिडी टाकून लांब दांड्याचा ब्रश घेतला. क्षार काढलेलें पाणी नळीनें त्यांतून वर जातें. तें वाळतांना डाग मागें ठेवीत नाहीं, म्हणून कांच पुसावीहि लागत नाहीं. पडण्याचें भय कमी झालें, खर्च मात्र वाढला.

तथापि खरें भांडवल अवजारांत नाहीं; तें ठरलेल्या गिऱ्हाइकांत आहे. दर चार किंवा आठ आठवड्यांनीं त्याच घरीं जावयाचें. एकाच आळींतील वीस घरें आणि गांवभर विखुरलेलीं वीस घरें यांचें उत्पन्न कागदावर सारखेंच. पण दुसऱ्यांत बराचसा दिवस वाटेंतच जातो. जमलेली फेरी तेथें पैसे मोजून विकत घेतली जाते, ती याचसाठीं.

आपल्याकडे कोणास असा धंदा काढावयाचा असेल, तर सुटीच्या दिवशीं चार घरें करीत फेरी जमवावी व मगच राजीनामा द्यावा, असें आम्हांस वाटतें. आजारपणांत येथें पगारी रजा नाहीं. एकत्र कुटुंबांत तो भार धाकट्या भावाच्या पगारावर पडणार. तेव्हां त्याला, आणि घरखर्च चालविणाऱ्या वहिनींना, आधीं विचारलें पाहिजे.