पायऱ्यांवर कोण बसणार?

न्यूयॉर्कच्या सोहो भागात, ब्रॉडवे आणि प्रिन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, डिसेंबर २००१मध्ये प्राडा या फॅशन कंपनीचं नवं दुकान उघडलं. आधी तिथे गुगनहाइम संग्रहालयाची शाखा होती. वास्तुकार रेम कुलहास आणि त्यांच्या ‘ओएमए’ या कार्यालयाने तिथली जमीनच वाकवली. झेब्रावुड या पट्टेदार लाकडाची एक मोठी लाट तळघरात उतरते आणि पलीकडे पुन्हा वर चढते. उतारावर रुंद पायऱ्या. एरवी त्यांवर बूट मांडायचे, कार्यक्रम असला की माणसं बसवायची. समोरच्या चढातून रंगमंच उलगडतो. त्याच वर्षी कुलहास यांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसह केलेला, खरेदी या विषयावरचा जाडजूड ग्रंथ आला होता. विमानतळ असो की संग्रहालय, दुकान सगळीकडे घुसलं आहे, असं त्यात मांडलं होतं. मग उलट नाटक-सिनेमाच दुकानात का घुसू नये?

त्याच दुकानातला दुसरा प्रयोग यंत्रांचा आणि इंटरनेटचा. प्रत्येक कपड्याला रेडिओलहरींनी ओळख पटवणारा आरएफआयडी टॅग. कपडे घालून बघायच्या खोलीत कपडा टांगला की पडद्यावर त्याचे रंग नि मापं हजर. आरशात कॅमेरा, तो तुमची पाठ किंचित उशिराने तुम्हालाच दाखवणार. खोलीचं काचेचं दार बटण दाबताच धूसर होणार. घालून पाहिलेले कपडे घरी गेल्यावर वेबसाइटवरच्या आपल्या खात्यात सापडावेत, अशीही योजना होती. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर झाल्याचं तेव्हा छापून आलं. काही वर्षांतच यातली बरीच यंत्रं बंद किंवा बिनवापराची पडल्याच्या बातम्या आल्या. लाट मात्र गाजत राहिली. मला यात नवल वाटत नाही. यंत्र शिळं होतं. बसायला जागा कधी शिळी होत नाही.

२०११मध्ये दक्षिण कोरियात होमप्लस या किराणा साखळीने दुकानाच्या भिंतीच काढून टाकल्या. सोलच्या सल्लंग मेट्रो स्थानकात किराणा मालाच्या फळ्यांची हुबेहूब चित्रं लावली. क्यूआर कोड फोनने टिपायचा, सामान घरपोच. कल्पना चलाख, पण गाडीची वाट पाहण्याचा मोकळा वेळही त्यात विक्रीला लागला.

अ‍ॅपलने तर आपल्या मोठ्या दुकानांना उघडपणे नगरचौक म्हणायला सुरुवात केली. २०१६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरला ‘फॉस्टर अँड पार्टनर्स’ या वास्तुकारांनी आखलेलं दुकान हा त्याचा नमुना. अवाढव्य सरकती काचदारं आणि मागे सर्वांना खुला छोटा चौक. त्या चौकाजवळचं शिल्पकार रूथ असावा यांचं कारंजं मूळ आराखड्यात राहणार नव्हतं. लोकांनी ओरड केली, म्हणून ते राहिलं. स्टॉकहोममध्ये राजाच्या जुन्या बागेत, कुंग्सट्रॅडगॉर्डनमध्ये, असंच दुकान होणार होतं. २०१८मध्ये तिथल्या नव्या महापालिकेने ते होऊ दिलं नाही.

खरी कसोटी मेलबर्नला लागली. तिथला सार्वजनिक चौक, फेडरेशन स्क्वेअर, २००२मध्ये खुला झाला. १३ फेब्रुवारी २००८ला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी आदिवासींच्या हिरावलेल्या पिढ्यांची, म्हणजे सरकारने कुटुंबांपासून तोडलेल्या मुलांची, संसदेत माफी मागितली, तेव्हा हजारो लोकांनी ती इथल्या मोठ्या पडद्यावर पाहिली. डिसेंबर २०१७मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं, की चौकाच्या नदीकडच्या बाजूची यारा बिल्डिंग पाडून अ‍ॅपलचं दुकान होईल. पहिल्या आराखड्याची लोकांनी पिझ्झा हटचा पॅगोडा म्हणून टर उडवली. पुढच्या वर्षी तो बदलला. मोकळी जागा उलट वाढेल, असा समर्थकांचा दावा होता. चौरस मीटरच्या हिशेबात तो खरा धरला, तरी विरोधकांचा मुद्दा वेगळाच होता: त्या जागेवर मोर्चा आला, तर दार कोण उघडणार? दुकानाच्या पायरीवर कोणीही बसू शकतं, मालकाची हरकत नसेपर्यंत. चौकात हरकत घ्यायला मालक नसतो, निदान नसावा.

एप्रिल २०१९मध्ये ‘हेरिटेज व्हिक्टोरिया’ या राज्याच्या वारसा-संस्थेने इमारत पाडायला परवानगी नाकारली आणि अ‍ॅपलने माघार घेतली. त्याच वर्षी चौक राज्याच्या वारसा यादीत गेला. यारा बिल्डिंगमध्ये तेव्हा आदिवासींच्या कला-वस्तू जपणारा ‘कूरी हेरिटेज ट्रस्ट’ होता. तो तिथेच राहिला आणि पुढे त्याने त्याच इमारतीत आपला पसारा वाढवला.