बारा मेगापिक्सेल, पण रंग किती?

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत. त्यावरचा प्रत्येक पिक्सेल किती उजेड पडला एवढंच मोजतो. मग फोटो रंगीत कसा? कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी काढलेल्या तोडग्याला १९७६ मध्ये पेटंट मिळालं, आणि आजचे बहुतेक कॅमेरे, मोबाइलसुद्धा, त्याच्याच जोरावर चालतात.

प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी. हिरव्या निम्म्या, लाल-निळ्या पाव-पाव. कारण आपला डोळा बारकावे टिपतो ते प्रामुख्याने हिरव्या पट्ट्यातल्या उजेडावर. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर हिरवे ६० लाख, लाल आणि निळे ३०-३० लाख. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग प्रोसेसर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतो. फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती मोजलेली नसतेच, गणिताने काढलेली असते! जाहिरातीत हे कशाला सांगतील?

अंदाज बहुधा जमतो. पण बारीक रेघांच्या शर्टावर फोटोत कधी कधी भलतेच रंगीत पट्टे उमटतात, ते तो फसल्यामुळे. रॉ फाइलमध्ये मोजलेले कच्चे आकडे राहतात. रंग नंतर संगणकावर सवडीने भरता येतात. जेपीजीत कॅमेऱ्याने निकाल आधीच लावलेला असतो.